इलेक्ट्रॉनचा पत्ता

लाइपझिगच्या लिनेश्ट्रासेवर विद्यापीठाची वनस्पतिबाग आहे आणि त्याच रस्त्यावर 5 क्रमांकाला पदार्थविज्ञान विभाग. जुनी इमारत 1943 सालच्या डिसेंबरातल्या बॉम्बवर्षावात गेली. आज दिसते ती नंतरची. तरी घन पदार्थांच्या क्वांटम विज्ञानाचं घराणं सांगायचं झालं, तर मूळपुरुष याच पत्त्यावर सापडतो. 1927 सालच्या शरदात पंचविशीतला वेर्नर हायझेनबर्ग इथे प्राध्यापक म्हणून आला आणि झुरिकहून फेलिक्स ब्लॉख त्याच्याकडे पीएच.डी.साठी. ब्लॉखने बाविसाव्या वर्षी प्रबंध पुरा केला. आज संगणकाची चिप असो, सौरपट्टी असो की मोबाइलचा दिवा, तिच्यातल्या इलेक्ट्रॉनचा हिशोब त्या प्रबंधापासून सुरू होतो.

त्याच्यापुढचा प्रश्न शाळकरी मुलालाही पडावा असा होता. तांब्याच्या तारेत अणू इतके खेटून बसलेले असताना इलेक्ट्रॉन त्यांच्यातून वाट कशी काढतो? ब्लॉखचं उत्तर असं, की इलेक्ट्रॉन अणूंना चुकवत जातच नाही. तो तरंग होऊन एकाच वेळी सगळ्या अणूंवर असतो. एका अणूवरून पुढच्या अणूवर जाताना त्या तरंगाची कला, म्हणजे त्याच्या चढउताराची वेळ, ठरावीक मापाने पुढे सरकते. रांग नियमित असेल तोवर त्याला कुणी अडवत नाही. उष्णतेने अणू थरथरले किंवा मध्येच परका अणू घुसला, की मग तो अडखळतो. पुण्यात एम.एस्सी.ला असताना फळ्यावर हे गणित सुटताना पाहिलं तेव्हा मी भारावून गेलो होतो. इतक्या वर्षांनी, सॅक्सनीत राहून हेच काम पोटापाण्यासाठी करतानाही, ते भारावणं उतरलेलं नाही. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या ब्लॉखने जर्मनी सोडली. 1952 सालचं नोबेल त्याला अमेरिकेत मिळालं तेही दुसऱ्याच कामासाठी, ज्यावर आजचं एमआरआय उभं आहे.

प्रबंधात ब्लॉखने जी रीत वापरली तिला आज आम्ही टाइट-बाइंडिंग म्हणतो. ती समजून घ्यायला मी एक चाळ डोळ्यांसमोर आणतो. एकसारख्या खोल्यांची लांबच लांब चाळ, प्रत्येक खोलीत तीच दोन माणसं. त्यांना अ आणि ब म्हणू या. अ आणि ब यांची आपसांत किती ये-जा, शेजारच्या खोलीतल्या ब ची या खोलीतल्या अ कडे किती, एवढी नोंदवही हाती आली की चाळीचा सगळा व्यवहार कळतो. स्फटिकात खोली म्हणजे युनिट सेल, माणूस म्हणजे अणूचं ऑर्बिटल आणि ये-जा म्हणजे हॉपिंग. या नोंदवहीतून इलेक्ट्रॉनच्या साऱ्या ऊर्जा निघतात: पट्टे किती रुंद, मध्ये फट आहे की नाही, पदार्थ धातू की अर्धवाहक. त्या वहीत एकच गोष्ट लिहिलेली नसते. खोलीत अ ची खाट कुठे आहे आणि ब ची कुठे? भिंतीलगत, की खिडकीशी? ऊर्जांच्या हिशोबाला ती लागतच नाही. खाटा कुठेही सरकवा, ऊर्जा दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत त्याच येतात.

त्यामुळे आमच्या धंद्यात दोन रिवाज पडले. काही जण तरंगाची कला खोलीच्या क्रमांकावरून मोजतात, तर काही जण थेट खाटेच्या जागेपासून. पहिल्यात सूत्रं सुटसुटीत होतात, दुसऱ्यात स्फटिकाची खरी बांधणी गणितात शिरते. पाठ्यपुस्तकं हा फरक दोन ओळींत उरकतात आणि पुढे जातात. माझ्या मते तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

कारण जागेचा हा प्रश्न याच देशात ब्लॉखच्याही आधी निघालेला होता आणि तेव्हा कुणी त्याला किरकोळ म्हटलं नव्हतं. 1912 साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउएच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग यांनी मोरचुदाच्या खड्यातून एक्स-किरण सोडले. मोरचूद म्हणजे आपले द्राक्षबागायतदार चुन्यात कालवून वेलींवर फवारतात तेच. मागच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. स्फटिकात अणूंच्या नियमित रांगा असतात हा तोवर एक चांगला अंदाज होता. त्या काचेने त्याचा पुरावा दिला. लाउएला 1914 सालचं नोबेल मिळालं. त्या ठिपक्यांत दोन वेगवेगळ्या बातम्या असतात. ठिपके कुठे पडले यावरून खोलीचं माप आणि आकार कळतो. ठिपका किती ठळक किंवा फिका यावरून खोलीत कोण कुठे बसलं आहे ते कळतं. एकेका अणूवरून परतलेल्या किरणाची कला त्या अणूच्या जागेप्रमाणे बदलते. सगळ्या कला एकमेकींत मिसळून कुठे भर पडते, कुठे तूट. हीच कला पुढे ब्लॉखच्या तरंगातही येते.

ड्रेस्डेनहून रेल्वेने तासाभराच्या आत फ्रायबर्ग लागतं. चांदीच्या खाणींवर मोठं झालेलं गाव. 1765 साली इथे खनिकर्माची अकादमी निघाली. जवळच्या एका खाणीतल्या आर्जिरोडाइट नावाच्या खनिजातून क्लेमेन्स विंकलरने 1886 साली एक नवं मूलद्रव्य वेगळं काढलं आणि त्याला आपल्या देशाचं नाव दिलं: जर्मेनियम. मेंडेलिएव्हने 1871 सालीच त्याची रिकामी जागा तक्त्यात राखून ठेवली होती. गावातल्या वाड्यात आता खनिजांचं मोठं संग्रहालय आहे. मला तिथे सर्वांत जास्त वेळ थांबवतो तो ॲपोफिलाइट. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत पिकणारा, जळगाव-नाशिक-पुण्याकडच्या दगडखाणींतून जगभर गेलेला. फिकट हिरवा चौकोनी खांब आणि वर चार उतारांची टोपी. बाजूचे पैलू काचेसारखे चमकतात, पण आडवा तुटलेला पृष्ठभाग मोत्यासारखा मंद झळकतो. इथल्या हार्त्स डोंगरातही ॲपोफिलाइट सापडतो. त्याचे कोन आणि आपल्याकडच्या खड्याचे कोन एकच असतात, कारण आत अणूंची बैठक एकच असते. बाहेरून हातात धरता येणारा कोन आणि आत कुणालाही न दिसणारी जागा यांचं हे सख्य मला फार मोलाचं वाटतं.

जर्मेनियमची आतली बैठक त्याहून सोपी. हिऱ्याचीच ठेवण: एका खोलीत दोन अणू, दोन्ही जर्मेनियमचेच, पण दुसरा पहिल्यापासून घनाच्या कर्णाच्या चौथ्या हिश्शावर. त्यांच्यातलं अंतर 0.245 नॅनोमीटर. या चौथ्या हिश्शाचा परिणाम असा, की एक्स-किरणांच्या चित्रातले काही ठिपके साफ नाहीसे होतात. दोन अणूंकडून आलेले किरण नेमके उलट कलेत भेटतात आणि एकमेकांना पुसतात. झिंक ब्लेंडमध्ये ठेवण तीच, पण दोन अणू वेगळे, एक जस्ताचा आणि एक गंधकाचा. पुसणं अपुरं राहतं आणि तेच ठिपके फिके का होईना, दिसतात. नसलेला ठिपकासुद्धा साक्ष देतो. जागा हा स्फटिकाचा गुण आहे, लिहिणाऱ्याच्या सोयीचा भाग नाही, याचा एवढा उघड पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता क्वांटम भूमितीकडे येतो, ज्यासाठी हे सगळं मांडलं.

ब्लॉखच्या प्रत्येक तरंगाला एक तरंगसदिश असतो. सदिश बदलला की तरंगाची आतली घडण बदलते, अ वर किती, ब वर किती, आणि दोघांच्या कलेत किती फरक. सदिश किंचित सरकवला तर ही घडण किती बदलली, याचं माप म्हणजे क्वांटम मेट्रिक. सदिशाला छोट्या वर्तुळात फिरवून मूळ जागी आणलं तर तरंग किती कला अंगावर घेऊन परततो, याचं माप म्हणजे बेरी वक्रता. दोन्ही एकाच राशीचे दोन भाग. मेट्रिकचं गणित प्रोव्होस्ट आणि व्हाली यांनी 1980 साली मांडलं, फेऱ्यात मिळणाऱ्या कलेचं मायकेल बेरी यांनी 1984 साली. पण त्या कलेचा माग बेंगळुरूला 1956 सालीच लागला होता. रामन संशोधन संस्थेत स्फटिकांतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करताना शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी तो काढला. तेही तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे बेरी यांनी त्यांचं श्रेय जाहीरपणे मान्य केलं.

मेट्रिकचा एक हिशोब तोंडी करता येतो आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. प्रत्येक खोलीत दोन अणू, अंतर समजा ‘ड’. ये-जा फक्त खोलीतल्या खोलीत, शेजाऱ्यांशी काही संबंध नाही. इलेक्ट्रॉन दोघांवर निम्मा निम्मा. त्याची सरासरी जागा बंधाच्या मध्यावर. तिथून प्रत्येक अणू ‘ड’च्या निम्म्यावर. म्हणजे पसाऱ्याचा वर्ग ‘ड’ वर्गाचा चौथा हिस्सा. आता मेट्रिक काढा. खाटेच्या खऱ्या जागेपासून कला मोजली तर उत्तर हेच, नेमकं ‘ड’ वर्गाचा चौथा हिस्सा. खोलीच्या क्रमांकावरून मोजली तर उत्तर शून्य. खोली-क्रमांकाच्या रिवाजात दोन अणू जणू एकाच बिंदूवर बसवले गेले आणि इलेक्ट्रॉन पसरलेलाच नाही असं ठरलं. ऊर्जा दोन्हीकडे एकच आहेत. भूमिती वेगळी आहे, आणि बंधाची लांबी फक्त एकीलाच ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, मग हे मेट्रिक निव्वळ आपल्या मानण्यावर आहे, त्यात भौतिक सत्य काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण याचं उत्तर देतानाच गोष्ट उलगडते. स्फटिकाला बाहेरून कुणी हात लावला नाही, तोवर खाटेची जागा कळायला मार्ग नाही. पण विद्युतक्षेत्र लावलं की अ आणि ब यांच्या विभवात फरक पडतो आणि तो किती, हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं. क्षेत्र जागा विचारतं. प्रकाशही विचारतो. जागा बदलून तेच क्षेत्र लावलं तर प्रत्यक्षात तो वेगळा प्रयोग झाला. स्टीव्हन सायमन आणि मार्क रुडनर यांनी 2020 साली कुठल्या राशी अणूंच्या जागेवर अवलंबून असतात आणि कुठल्या नसतात याची नीट छाननी केली. ते लिखाण वाचून मला फार बरं वाटलं. एवढी साधी गोष्ट कुणीतरी सविस्तर लिहायला हवी होती.

जागेला न जुमानणाऱ्या राशीही आहेत आणि त्यांचा थाट वेगळाच. क्लाउस फॉन क्लित्सिंग वुर्त्सबुर्गला असताना, 1980 सालच्या फेब्रुवारीतल्या एका रात्री ग्रनोबलच्या चुंबक-प्रयोगशाळेत त्यांना हॉल रोध, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला रोध, पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसला. पायऱ्यांचं मूळ माप 25812.807 ओहम. नमुना कुठल्या आकाराचा, किती मळलेला, कशानेही आकडा हलेना. दोनच वर्षांत थाउलेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पायरीचा क्रमांक म्हणजे पुढे जिला बेरी वक्रता हे नाव पडलं तिची सबंध पट्ट्यावरची बेरीज आणि ती पूर्णांकच येते. खाटा कुठेही सरकवा, वक्रता इथे वाढेल, तिथे घटेल, बेरीज तीच राहील. फॉन क्लित्सिंगना 1985 सालचं नोबेल मिळालं आणि ते स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत संचालक झाले.

या अढळ बेरजेची कीर्ती इतकी पसरली, की वक्रतेच्या वाटपाकडे पुष्कळांचं दुर्लक्ष झालं. माझी तक्रार तेवढीच आहे. बोरॉन नायट्राइडचा एकच थर घ्या: षट्कोनी जाळी, एका टोकाला बोरॉन, शेजारी नायट्रोजन, मध्ये 0.145 नॅनोमीटर. संगणकाच्या पडद्यावर त्याच्या बेरी वक्रतेचा नकाशा काढला की तरंगसदिशांच्या षट्कोनाचे तीन कोपरे एका रंगात पेटतात, मधले तीन दुसऱ्या. अणू खऱ्या जागी बसवलेले असले तर प्रत्येक कोपऱ्यातला डाग तिन्ही दिशांना सारखा उमलतो, कारण स्फटिकही एक-तृतीयांश फेऱ्याने पुन्हा तसाच दिसतो. आता तोच संगणकी कार्यक्रम खोली-क्रमांकाच्या रिवाजाने चालवा. डाग कलतात. एका बाजूला फुगतात, दुसऱ्या बाजूला आक्रसतात. बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे शून्य; ऊर्जा पूर्वीच्याच; पण स्फटिकाची सममिती चित्रातून गेलेली असते.

हा कल आज कागदावरचा राहिलेला नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांच्या गटाने 2022 साली पिळलेल्या दुहेरी ग्राफीन-थरांवर हाच कल प्रयोगाने मोजला. ग्राफीनचे दोन द्विथर एकमेकांवर किंचित कोनात ठेवायचे, एका वारंवारतेचा प्रवाह सोडायचा आणि आडव्या दिशेने दुप्पट वारंवारतेचा विद्युतदाब येतो का पाहायचं. तो दाब बेरी वक्रतेच्या एकूण बेरजेवर ठरत नाही. ती कुठे जास्त, कुठे कमी, या असमान वाटपावर ठरतो. नमुन्यातला ताण स्फटिकाची तिहेरी सममिती मोडतो म्हणून हा कल खरोखर निर्माण होतो आणि विद्युतक्षेत्र बदलून पट्ट्यांचं स्वरूप पालटलं, तर तेही त्यातून कळतं. कुलाब्याच्या समुद्रकाठच्या त्या प्रयोगशाळेतलं हे काम मला मनापासून आवडतं. आता विचार करा: कुणी मॉडेल बांधताना अणूंच्या जागा लिहिल्याच नाहीत, तर सममित स्फटिकातही त्याला असा कल दिसेल आणि तो साफ खोटा असेल. इथे हॅम्बुर्गमध्ये 2016 साली तर वक्रतेचा अख्खा नकाशाच बिंदूबिंदूने मोजला गेला, लेझरच्या प्रकाशाने बांधलेल्या जाळीत अतिथंड अणू ठेवून. तिथे खाटा कुठे आहेत यात मतभेदाला वावच नव्हता. जाळी त्यांनीच बांधलेली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर खरी जागा म्हणजे सर्वस्व असा समज होईल. काही स्फटिकांत एखादा पट्टा इतका सपाट असतो, की तिथला इलेक्ट्रॉन जागचा हलूच नये. तरीही तिथे अतिवाहकता नांदू शकते. फिनलंडमधल्या पेओत्ता आणि टोर्मा यांनी 2015 साली दाखवलं, की सपाट पट्ट्यात अतिप्रवाहाला बळ देतं ते क्वांटम मेट्रिक. सिद्धांत सुंदर, पण एक गाठ राहिली. त्या मॉडेलातला अतिप्रवाह खाटांच्या जागेवर अवलंबून नाही आणि मेट्रिक तर आहे. मग दोघांची बरोबरी कशी? 2022 साली टोर्मा यांनीच सहकाऱ्यांसह ती गाठ सोडवली. ज्या जागांवर मेट्रिकची बेरीज सर्वांत कमी येते ते मेट्रिक घ्यायचं; अतिप्रवाहाचा संबंध त्याच्याशी. म्हणजे इथे अणूंच्या प्रत्यक्ष जागांऐवजी सममितीने सुचवलेल्या जागा चालतात. निसर्ग प्रत्येक वेळी एकच माप वापरत नाही आणि कुठल्या वेळी कुठलं, हे शोधणं हेच आमचं काम.

या सगळ्याबरोबर मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. ब्लॉख लाइपझिगमध्ये तरंग मोजत होता त्याच सुमारास इरावतीबाई बर्लिनच्या डालेममध्ये कवट्या मोजत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशशास्त्राचे मोठे अधिकारी; कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि तसं काही दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या तोंडावर. कवटीत काय आहे आणि मोजणाऱ्याने बरोबर काय आणलं आहे, याची फारकत त्यांनी केली. माझ्या कामात पणाला लागतं ते फार थोडं. त्यांच्या वेळी काय लागलं होतं ते पुढच्या पंधरा वर्षांत जगाने पाहिलं. म्हणून ही आठवण मी बरोबरीने ठेवत नाही, मान खाली घालून ठेवतो.

हे वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-औरंगाबादचे किंवा इथे ड्रेस्डेनमध्ये डॉक्टरेट करणारे विद्यार्थी असतील, त्यांना माझं एवढंच सांगणं. मॉडेल छापताना हॉपिंगच्या तक्त्याशेजारी ऑर्बिटलच्या जागांचा तक्ता द्या. प्रत्येकाला फार तर तीन आकडे लागतात. कला कुठून मोजली, खोलीपासून की अणूपासून, ते एका वाक्यात लिहा. मेट्रिकचा किंवा वक्रतेचा नकाशा काढलात, तर स्फटिकाची सममिती त्यात टिकली आहे का ते आधी तपासा. आणि दुसऱ्याच्या निबंधात हा तक्ता सापडला नाही, तर संकोच न करता पत्र लिहून तो मागवा.